आधी कंदील सोडा: घरच्या सर्व्हरची डिस्क रुसली तर

सांगलीत ऑगस्टचा पाऊस लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं याची चौकशी, आणि रात्री-अपरात्री जाणारी लाइट. अशाच एका रात्रीनंतर सकाळी आई म्हणाली, "अरे, मोबाइलमधले फोटो तुझ्या त्या डब्यात चढत नाहीत. जागा नाही म्हणतंय."

डबा म्हणजे आमचा घरचा सर्व्हर, सगळ्यांच्या फायली साठवणारा, सतत चालू असणारा कॉम्प्युटर. जुना डेस्कटॉप, मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. आत १२० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क; तिच्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि बाकीचं सॉफ्टवेअर. बाहेर यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे डिस्क खोचायच्या स्टँडमध्ये, उभी केलेली ४ टीबीची हार्ड डिस्क. तिच्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारा. आदल्याच आठवड्यात बघितलं तेव्हा ही मोठी डिस्क निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. मग एका रात्रीत जागा गेली कुठं?

मिरजेच्या मावसभावाला फोन केला. त्याचं निदान तयारच होतं. "दादा, डिस्क गेली बघ. फॉरमॅट मारून बघ की एकदा."

हे वाक्य ऐकलं की मला हरिपूरची पेवं आठवतात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. पेव उघडलं की लगेच माणूस आत उतरत नसे. आत हवा कोंडलेली, प्राणवायू कमी. पेव काही वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरणार. डिस्कच्या दुखण्यातही हाच क्रम हवा. आधी नुसतं बघायचं, हात नंतर घालायचा. फॉरमॅट, दुरुस्ती, 'जुनं काहीतरी डिलीट करू' ही सगळी आत उतरायची कामं आहेत.

बघायचं कुठं, हे कळायला आत थर किती आहेत ते माहीत हवं. सगळ्यात खाली वीज आणि केबल. त्यावर प्रत्यक्ष डिस्क. तिच्यावर फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठल्या कप्प्यात आहे याची खतावणी. मग ती डिस्क एखाद्या फोल्डरला जोडणं, ज्याला माउंट म्हणतात. आणि सगळ्यात वर फोटो साठवणारे, बॅकअप घेणारे प्रोग्रॅम. आपल्याला निरोप मिळतो तो वरच्या थराकडून, आणि दुखणं असतं खालच्या कुठल्या तरी थरात. 'जागा नाही' हा निरोप खरा असतो, पण अपुरा असतो. कुणाची जागा, कुठली जागा, ते तो सांगत नाही.

(खाली कमांडची, म्हणजे टाइप करून द्यायच्या हुकमांची, नावं अक्षरं सुटी करून उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मधल्या रेघा न देता. पर्याय जोडताना मात्र, अधिक चिन्ह सांगितलेलं नसेल तर, त्याच्याआधी एक रेघ द्यायची.)

जागा गेली कुठं

पहिला कंदील म्हणजे डी-एफ, त्याला एच हा पर्याय जोडून. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडलेली आहे आणि किती भरली आहे, याचा तक्ता ही कमांड देते आणि कशालाच हात लावत नाही. मी ती चालवली. एसएसडी १०० टक्के भरलेली. आणि ४ टीबीच्या डिस्कची ओळच तक्त्यात नाही!

उठून डॉककडे बघितलं तर त्याचा दिवा बंद. रात्री लाइट गेली, परत आली. डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या मूळ सेटिंगांत, 'वीज आली की आपोआप सुरू हो' अशी सेटिंग असल्यानं तो उठला. डॉकला मात्र दाबायचं बटण आहे, आणि ते दाबायला रात्री कोणी जागं नव्हतं. बटण दाबलं, डिस्क गुणगुणायला लागली, माउंट झाली. फोटो सगळे जागेवर. पण एसएसडी अजून १०० टक्केच.

आता दुसरा कंदील, डी-यू. डी-एफ फाइल सिस्टीमच्या खतावणीतला एकूण आकडा वाचते, तर डी-यू एकेका फोल्डरात शिरून फायली मोजते. एक बँकेचं पासबुक, दुसरी हातानं मोजलेली रोकड. डी-यू म्हणाली, एसएसडीवर २७ जीबीच्या फायली आहेत. पासबुकात मात्र ११० जीबीच्या आसपास खर्ची पडलेले. मधले ८० जीबी कुठं गेले?

हिशेबात अशी तूट दिसली तर संशयित ठरलेले आहेत. पहिला, डिलीट करूनही न गेलेली फाइल. लिनक्समध्ये एखादी फाइल कुठल्या प्रोग्रॅमनं उघडून ठेवलेली असेल आणि आपण ती डिलीट केली, तर तिचं नाव जातं पण जागा सुटत नाही. तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत ती डिस्कवरच असते. एल-एस-ओ-एफ या कमांडला अधिक चिन्ह, मोठा एल आणि १ जोडला की अशा बिननावाच्या फायली दिसतात. इलाज सोपा, तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचा. माझ्याकडे तशी एकही सापडली नाही.

दुसरा संशयित म्हणजे राखीव जागा. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम ५ टक्के जागा रूट म्हणजे मुख्य वापरकर्त्यासाठी बाजूला ठेवते. डिस्क गच्च भरली तरी यंत्रणेला श्वास घेता यावा म्हणून. सिस्टीमच्या डिस्कवर हे शहाणपणाचंच आहे. पण नुसते फोटो ठेवायच्या ४ टीबीच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० जीबी अडकून पडतात. तिथं ट्यून-२-एफ-एस वापरून ते प्रमाण १ टक्क्यावर आणायला हरकत नाही. माझ्या तुटीचं उत्तर मात्र हेही नव्हतं. १२० जीबीचे ५ टक्के सहा जीबीच होतात.

तिसरा संशयित फार बेरकी आहे, आणि चोर तोच निघाला.

माउंट म्हणजे काय? एक रिकामं फोल्डर असतं, आणि डिस्क त्यावर पांघरली जाते. पायरीवर चटई अंथरावी तशी. चटई असेतो पायरी दिसत नाही, पण ती असते. त्या रात्री डॉक बंद, म्हणजे चटई नव्हती. पहाटे तीनला लॅपटॉपचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेल्या कमांड, नेहमीप्रमाणे उठली आणि त्या फोल्डरात गेली. एरवी तिथं आधीची प्रत असते, म्हणून ती फक्त बदललेल्या फायली आणते. आज समोर रिकामं फोल्डर. तिला वाटलं, आजवर काहीच कॉपी झालेलं नाही. मग पहिल्यापासून सगळं आणायला लागली आणि एसएसडी तुडुंब भरेपर्यंत आणतच राहिली. सकाळी मी बटण दाबून चटई अंथरली आणि ते ८० जीबी चटईखाली गेले. डी-यू चटईवरून चालते, तिला खालचं कसं दिसणार?

बघायची युक्ती अशी: मूळ फाइल सिस्टीम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरावर बाइंड माउंट करायची. बाइंड माउंटमध्ये वरच्या चटया येत नाहीत, नुसत्या पायऱ्या दिसतात. तिथं ते ८० जीबी निवांत बसलेले होते. डिलीट करण्याआधी मी दोनदा तपासलं की हे फोल्डर खरंच एसएसडीवरचं आहे, मोठ्या डिस्कवरचं नाही. अशा वेळी दोनदा तपासायला लाजू नये.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी केल्या. मोठी डिस्क अनमाउंट केली आणि खालच्या रिकाम्या फोल्डराला सी-एच-ए-टी-टी-आर या कमांडनं अधिक आय हा शिक्का मारला. आता चटई नसेल तर त्या फोल्डरात रूटलाही काही लिहिता येत नाही, आणि डिस्क मात्र त्याच्यावर खुशाल माउंट होते. दुसरं, बॅकअपच्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट या कमांडनं विचारणा घातली: डिस्क जागेवर आहे का? नसेल तर गप घरी जा.

आमचं नशीब बरं की रिकामं फोल्डर हे बॅकअपचं ठिकाण होतं. ते मूळ, म्हणजे जिथून कॉपी व्हायची ते, असतं आणि आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्रॅम 'डिलीट' पर्यायासह (मुळात नाही ते प्रतीतूनही काढ) चालत असता, तर त्यानं मूळ रिकामं बघून बॅकअपही इमानेइतबारे रिकामा केला असता. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो पर्याय असेल तर हा लेख इथं थांबवा आणि आधी ती तपासणी घाला.

जागा खाणारे बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या खोक्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर त्याचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फायली, बघा. त्याची मूळ सेटिंग लॉगच्या आकाराला मर्यादाच घालत नाही, आणि एखादा कंटेनर तक्रारी करत सुटला की लॉगचं असं पेव फुटतं की विचारू नका. सेटिंगमध्ये मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल लिहून टाका. जुन्या इमेजही, म्हणजे त्या खोक्यांचे साचेही, डॉकर साठवत बसतं. कधी कधी तर जीबी शिल्लक असतात आणि तरी 'जागा नाही' येतं. तेव्हा डी-एफ ला आय जोडून बघा. प्रत्येक फाइलला खतावणीत एक ओळ लागते, तिला आयनोड म्हणतात. ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करतानाच, साधारण दर १६ केबीला एक या हिशेबानं, या ओळी आखल्या जातात. ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे २० लाख. लाखो बारीकसारीक फायली साठल्या की पानं कोरी राहतात आणि ओळी संपतात. आणि नव्या ४ टीबीच्या डिस्कवर ३.६ दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. फसवणूक नाही, दोन वेगळी मापं आहेत.

तार, वीज आणि इन्व्हर्टर

हा थर लोक सगळ्यात शेवटी बघतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी बघावा, कारण इथला इलाज बहुतेक वेळा स्वस्तात होतो. डिस्क मधेच नाहीशी होते, परत येते. कॉपी करताना थिजते. डी-एम-ई-एस-जी ही यंत्रणेचे निरोप दाखवणारी कमांड चालवली की 'रीसेट', 'लिंक डाउन' असले शब्द ओळीनं दिसतात. डिस्क मेली असं म्हणण्याआधी केबल बदला, पोर्ट बदला, पॉवरचा अडॅप्टर बदलून बघा. मावसभावाच्या रास्पबेरी पायचं, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं, असंच होतं. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून बाहेरच्या उपकरणांना १.२ अँपिअर देतात. लॅपटॉपमधली छोटी डिस्क फिरायला लागताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. त्यानं अशा दोन लावल्या होत्या. "कधी ही दिसते, कधी ती," म्हणायचा. स्वतःची वीज असलेला यूएसबी हब घेतल्यावर दोघी नांदायला लागल्या.

एसएसडी असो वा हार्ड डिस्क, लिहिता लिहिता वीज गेली की खतावणी अर्धवट राहते. ईएक्सटी४ सारख्या फाइल सिस्टीम बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजे कच्च्या वहीत टिपतात आणि मग पक्क्यात उतरवतात, म्हणून बहुतेक वेळा निभावतं. तरी बिघाड लक्षात आला तर अनेक ठिकाणी लिनक्स स्वतःहून ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवतं. नवी फाइल चढत नाही, जुन्या दिसतात. ही अडचण वाटते, पण तो संरक्षणाचा पवित्रा आहे. जबरदस्तीनं पुन्हा लिहिती करू नका, आधी कारण शोधा.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे की!" असं आपल्याकडे प्रत्येकजण म्हणतो. असेल, पण लाइट गेल्यावर तो लागायला क्षणभर वेळ घेतो. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय विजेविना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. पंखा आणि ट्यूबला तो क्षण कळत नाही, सर्व्हरला कळतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर लवकर लागण्यासाठी 'यूपीएस' असं लिहिलेलं बटण असतं. ते त्या बाजूला आहे का ते बघा. त्यापेक्षा बरं म्हणजे यूएसबी केबलनं सर्व्हरला जोडता येणारा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट जाताच वीज पुरवणारा बॅटरीचा डबा. बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो.

डिस्क खरंच जातेय का

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात, आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. हे इतकी वर्षं चालतं हेच नवल. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. स्मार्ट-सी-टी-एल या कमांडनं ती वाचता येते. डॉकमधून दिसत नसेल तर डी पर्यायात सॅट असं लिहून बघा.

त्या लांबलचक तक्त्यात चार ओळी बघा. ५ क्रमांकाची: खराब झालेले किती कप्पे डिस्कनं बदलून राखीव कप्पे वापरात घेतले. १९७: किती कप्पे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही. १९८: तपासणीत किती वाचता आलेच नाहीत. आणि १९९: डिस्क आणि कॉम्प्युटरच्या मधल्या वाटेवर किती वेळा बिघडलेला मजकूर पोचला. ही शेवटची ओळ जवळपास नेहमी केबलकडे बोट दाखवते. पहिल्या तीन शून्य आणि १९९ मोठी असेल तर नवी डिस्क घेऊ नका, नवी केबल घ्या.

आकडा कसा वाचायचा हे सांगलीकराला शिकवायला नको. आयर्विनपाशी ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. पण ४२ फूट ऐकल्यावर आपला पुढचा प्रश्न काय असतो? "चढतंय का उतरतंय?" स्मार्टचंही तसंच आहे. ५ ची ओळ वर्षभर ८ वरच थांबली असेल तर डिस्क अजून बरीच चालू शकते. सोमवारी ८, गुरुवारी ४०, रविवारी ३०० असं असेल तर सामान वरच्या मजल्यावर न्यायची वेळ झाली. म्हणून महिन्यातून एकदा आकडे टिपून ठेवायचे. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. इलाज लागू पडला याची खूण तीच.

सगळ्यात वर डिस्क 'पास' असा शेरा देते, त्यावर विसंबू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. ज्या डिस्क मेल्या त्यांतल्या ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये महत्त्वाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही उमटला नव्हता. म्हणजे स्मार्टनं धोका सांगितला तर ऐकायचं, पण तो गप्प आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आकडे चढत असतील, किंवा डिस्क टक-टक असा ठराविक आवाज करत असेल, तर पहिलं काम दुरुस्ती नव्हे. पहिलं काम कॉपी. एफ-एस-सी-के ही खतावणी दुरुस्त करणारी कमांड आहे. ती बुडत्या डिस्कवर चालवू नका, आणि माउंट असलेल्या डिस्कवर तर कधीच नाही. खतावणी जुळवण्यासाठी ती इकडची पानं तिकडे करते, आणि खालची डिस्कच वाचता येत नसेल तर चांगलं पानही फाडते. जीएनयू डीडी-रेस्क्यू हे त्यासाठी बनवलेलं साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांवर रेंगाळत नाही, त्यांच्याकडे शेवटी वळतं. कुठवर आलो हे नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणून मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढं चालतं. नकाशा आणि प्रत दोन्ही दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर घ्यायच्या. मग जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. टक-टक फारच असेल आणि आतले फोटो दुसरीकडे कुठंच नसतील, तर बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. आणि हो, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

एसएसडीचं वेगळं आहे. ती आवाज करत नाही, बऱ्याचदा इशाराही देत नाही. काल होती, आज नाही. तिच्यावर फक्त सहज पुन्हा उभं करता येईल असंच ठेवलेलं बरं.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

मावसभावाचा पुढचा प्रश्न होता, "मग रेड लावू का दादा? दोन डिस्कवर एकच." लाव की. एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहील. पण तू चुकून एक फोल्डर डिलीट केलंस तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जाईल. रेड म्हणजे स्टेपनी. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही जाते.

आणि आपल्याकडे गाडी कशी जाते ते आपण बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. हरिपूरच्या पेवांत तर २००५ च्या पुरातच पाणी शिरलं होतं. पिढ्यान् पिढ्या चाललेली साठवण, पण सगळी एकाच गावात, नदीकाठी आणि जमिनीखाली. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा जो नियम छायाचित्रकारांकडून कॉम्प्युटरवाल्यांकडे आला, तो मला सांगलीत पुस्तकी वाटत नाही.

आमची तिसरी प्रत साताऱ्याला आत्याकडे असते. पासवर्डनं कुलूपबंद केलेली छोटी डिस्क, कपाटात साड्यांखाली. अशा दोन आहेत. गणपतीला आत्या इकडे येते तेव्हा जुनी घेऊन येते, जाताना ताजी घेऊन जाते. दिवाळीला आम्ही तिकडे जातो तेव्हा पुन्हा अदलाबदल. आणलेली डिस्क लगेच पुसत नाही. आधी तिच्यातले पाच-दहा फोटो उघडून बघतो, कारण उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे आत काय आहे ते माहीत नसलेलं पेव. यंदा आत्यानं पिशवी दारातच हातात दिली आणि म्हणाली, "घे बाबा तुझी ती डबी. आणि कंदी पेढे वर ठेवलेत, त्याच्यावर तुझी ती डबी ठेवू नकोस."